चौथ्या सीटवरची बाई
वाचकांचे प्रश्न, चित्रकथाकर्तीची उत्तरं

(माहीमला राहून चित्रकथा काढणाऱ्या आमच्या चित्रकर्तीला प्रश्न विचारा, असं आवाहन गेल्या अंकात केलं होतं. आलेल्या पत्रांपैकी काहींना त्यांनी दिलेली ही उत्तरं.)

प्रश्न: पात्रं सुचतात कुठे? घरी बसून की बाहेर फिरून? (एक वाचक भगिनी, डोंबिवली)

ताई, माझं बहुतेक सगळं लोकलच्या लेडीज डब्यात सुचतं. चौथ्या सीटवरच्या बाईकडे कधी नीट बघा. तिघींच्या बाकावर तिला टेकायला जेमतेम वीतभर जागा. एक पाय वाटेत, सगळा जोर त्या टाचेवर, पर्स पोटाशी घट्ट, दुसरा हात समोरच्या बाकाच्या कडेला. ती किती दमलीय आणि किती वर्षं अशी बसत आलीय, ते तिची पाठच सांगते. संध्याकाळी मटार सोलणाऱ्या असतात. नजर खिडकीबाहेर, बोटं मात्र अचूक, शेंग उघडली की दाणे या पिशवीत, सालं त्या पिशवीत.

माझ्या वहीत म्हणूनच हात, पाठी आणि चपला भरपूर आहेत. चेहरे मी गाडीत काढत नाही. अनोळखी बाईकडे टक लावून बघणं मला पटत नाही, आणि कुणाचा खरा चेहरा तिला न विचारता छापला जाऊ नये असं मला फार वाटतं. चेहरा घरी टेबलावर मनाने घडवते. देह मात्र पाहिलेलाच हवा.

सध्याच्या मालिकेतली नायिका याच सीटवरून आली. पहिल्या चौकटीत ती कशीबशी टेकलीय. दुसरीत अंधेरी येते, खिडकीतली उठते. तिसरीत सगळ्या सरकतात. चौथीत आपली बाई पहिल्यांदा पाठ टेकून बसलीय आणि तिच्या शेजारी नव्या कुणाचा तरी एक पाय वाटेत आलाय. कच्च्या संहितेत तिच्या मनातली चार वाक्यं लिहिली होती. चित्रं झाल्यावर ती सगळी काढली आणि एकच शब्द ठेवला, ‘सरका’. जे दिसतंय तेच संवादाच्या फुग्यात पुन्हा लिहिलं तर वाचकाला करायला काही उरत नाही. दोन चौकटींच्या मधे जी कोरी पट्टी असते ना, तिथे बाई उठते, साडी सावरते, सरकते, आणि ते सगळं वाचक स्वतः घडवतो. चित्रकथेतली मला सर्वांत प्रिय जागा तीच आहे.

आर. के. लक्ष्मण यांचा कॉमन मॅन कधी बोलत नाही, नुसता हजर असतो. त्या गप्प राहण्यातून मी खूप शिकले. गर्दी कशी काढावी, हे शिकायला कुलाब्याच्या कॅफे मोंडेगारमध्ये जाऊन बसते. तिथल्या भिंतींवर व्यंगचित्रकार मारिओ मिरांडांची चित्रं आहेत. त्यातला कोपऱ्यातला माणूसही आपल्या स्वतःच्या कामात गढलेला असतो, जागा भरायला उभा केलेला नसतो.

प्रश्न: मूड लागला तरच काम होतं का? (एक वाचक, गोरेगाव)

नाही. पान ठरल्या तारखेला द्यायचं असतं. सकाळी कच्चा आराखडा आणि पेन्सिल, कारण तेव्हा डोकं ताजं असतं. दुपारी शाई. पावसाळ्यात मुंबईच्या हवेत कागद ओल धरतो आणि निबची रेघ फुटते, म्हणून कागदांचा गठ्ठा प्लॅस्टिकमध्ये गुंडाळून ठेवते, लागेल तेवढाच बाहेर काढते आणि काम चालू असताना पंख्याचा झोत पानावर येऊ देत नाही.

प्रश्न: मराठी चित्रकथांमधला मजकूर इतका दाटीवाटीचा का दिसतो? (एक निवृत्त शिक्षक, ठाणे)

सर, हा प्रश्न कुणीतरी विचारायलाच हवा होता. इंग्रजी चित्रकथेत बहुधा सगळी कॅपिटल अक्षरं असतात, त्यामुळे ओळी एकमेकींना चिकटून बसल्या तरी चालतं. आपल्याकडे शिरोरेघेच्या वर वेलांटी, मात्रा, रफार, आणि खाली उकार, ऋकार. वरच्या ओळीतला ‘कू’ खालच्या ओळीतल्या ‘र्की’वर आपटतो. इंग्रजीच्या मापाने आखलेल्या फुग्यात मराठी कोंबलं की गुदमरतंच. मी आधी अक्षरं लिहिते, ओळींमध्ये ऐसपैस जागा सोडते, मग त्यांच्याभोवती फुगा काढते आणि उरलेल्या जागेत माणसं बसवते. आधी बोलणारा डावीकडे, हेही पेन्सिल हातात घेतानाच ठरतं.

प्रश्न: मी आठवीत आहे. मला हात काढताच येत नाहीत. मोबाईलवर शिकू का? (एक विद्यार्थी, परळ)

अरे, तुझा डावा हात सतत तुझ्यासमोर आहे, तोच काढ. कप धरलेला, बुटाची नाडी ओढणारा, खिशात अर्धा गेलेला. आधी बोटं सुटी काढू नकोस, सगळ्या पंजाचा एक आकार पकड. कागद की मोबाईल, ते आत्ता महत्त्वाचं नाही.

प्रश्न: मुलीला चित्रकथाच काढायच्या आहेत. यात पोट भरतं का? (एक वडील, मुलुंड)

दादा, खरं सांगते. नुसत्या चित्रकथांवर सुरुवातीची वर्षं भागत नाही. आम्ही बरेच जण पुस्तकांची चित्रं, जाहिरातींचे स्टोरीबोर्ड (चित्रीकरणाआधी दृश्यं कशी दिसतील ते दाखवणारी चित्रं) अशी कामं जोडीला करतो, आणि ती कामंही हात तयार करतात. तिला शाळेतच चित्रकलेच्या एलिमेंटरी आणि इंटरमिजिएटच्या परीक्षांना बसवा. पुढे १८५७ साली सुरू झालेलं सर जे. जे. स्कूल ऑफ आर्ट आपल्याच शहरात आहे, तिला एकदा तिथलं आवार दाखवून आणा.

आणि पहिलं काम मिळेल तेव्हा तुम्ही तिच्या शेजारी बसून करार वाचा. १९५७च्या कॉपीराइट कायद्यानुसार हक्क दुसऱ्याला द्यायचे तर ते लेखी आणि सहीनिशी द्यावे लागतात. करारात मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरली जाते, आणि प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत. तरुण मुलं आनंदाच्या भरात ‘कायमस्वरूपी, सर्व हक्क’ अशा ओळीखाली सही करतात, आणि पुढे त्यांच्याच पात्राचं पुस्तक निघतं तेव्हा त्यांना विचारलंही जात नाही. याचा मला मनापासून राग येतो. ती ओळ दिसली की बदलून मागा. मूळ चित्रं छपाईनंतर परत मिळतील, हेही त्यातच लिहून घ्या.