गच्चीवरच्या कुंड्या आणि कढीपत्ता न्यायला येणारी

प्रश्न : मी कोथरूडला राहते, वय ६३. भाद्रपदात हे गेले. गच्चीवरच्या चाळीस कुंड्या त्यांनीच वाढवलेल्या, प्रत्येकीत त्यांच्या अक्षरातली नावाची पट्टी. पाच महिने मला वर जाववलंच नाही, निम्मी झाडं वाळली. मुलगा म्हणतो, सगळं देऊन टाक. आमच्या वॉचमनची बायको कढीपत्ता न्यायला येते, मनानेच थोडं पाणी घालते, घटकाभर बोलत बसते. तेवढ्यापुरतं हलकं वाटतं, पण शेजारणी नाकं मुरडतात. काय करावं?

उत्तर : ताई, पाडव्यापर्यंत एकही कुंडी घराबाहेर जाऊ देऊ नका. वाळलेलं दिसतं ते सगळं मेलेलं नसतं. फांदीच्या शेंड्याकडून खाली येत नखाने साल जराशी खरवडा. आत हिरवं, ओलसर दिसलं तर झाड जिवंत आहे; हिरवं लागेल तिथवरची फांदी कापून टाका. बुंध्यापर्यंत तपकिरीच निघालं आणि काडी कट्‌कन मोडली, तर ते गेलं. फुगीर बुंध्याच्या अडेनियमला मात्र हा नियम लावू नका. थंडीत ते पानं टाकतंच. बुंधा दाबून टणक लागला तर झाड ठणठणीत आहे.

दिवसाला चारच कुंड्या घ्या. चाळीस एकदम काढल्यात तर दुसऱ्या दिवशी जिना चढवणार नाही, आणि ते पायांमुळे नव्हे.

पहिली चूक होते ती पाण्याची. महिनोन्‌महिने कोरडी पडलेली माती आक्रसते, कडेला फट पडते. वरून ओतलेलं पाणी त्या फटीतून खाली निघून जातं, मुळं कोरडीच राहतात. कुंडी पाण्याने भरलेल्या घमेल्यात अर्धा तास ठेवा. बुडबुडे थांबले की काढून निथळू द्या. दुसरी चूक मायेपोटी होते. आपल्या हातून हेळसांड झाली या टोचणीने रोज तांब्या तांब्या ओतला जातो आणि मुळं कुजतात. बोट दोन पेरं मातीत घाला, कोरडं लागलं तरच पाणी. खत लगेच नको, दुबळी मुळं जळतात. नवी पालवी आली की बारा इंची कुंडीला मूठभर शेणखत आणि चमचाभर निंबोळी पेंड पुरे.

मोगरा असेल तर आधी त्याच्याकडे वळा, हे दिवस त्याच्या छाटणीचेच आहेत. तिसरा भाग छाटा, उरलेली जुनी पानं ओरबाडून काढा, पाच-सहा तास ऊन मिळेल अशा जागी ठेवा. कळ्या नव्या फुटीवरच धरतात, म्हणून छाटणीला कचरू नका.

नावाच्या पट्ट्या टाकू नका. मार्करचं अक्षर उन्हात उडतं, शिसपेन्सिलीचं टिकतं. त्यांच्या पट्ट्या पुसून घरात एका डब्यात ठेवा आणि कुंडीत पेन्सिलीने लिहिलेली नवी, तुमच्या अक्षरातली खोचा.

आता त्या बाईंचं. नाकं मुरडणाऱ्यांपैकी कोणी पाच महिन्यांत गच्चीवर पाणी घातलं का? मैत्री टिकवायची तर एक पथ्य पाळा : रोजच्या पाण्याचं काम त्यांच्याकडे द्यायचं असेल, तर महिन्याचे पैसे ठरवून द्या आणि गप्पांची वेळ वेगळी ठेवा. ‘आलीच आहेस तर एवढं कर’ सुरू झालं की मैत्रीची मोलकरीण होते. चहा दोघींनी एकत्र, एकाच प्रकारच्या कपातून घ्यावा.

दोघींनी मिळून एक गोष्ट लावा : मेथी. गेलेल्या झाडांची माती काढून आठ दिवस उन्हात पसरा, थोडं शेणखत मिसळा. स्वयंपाकघरातलेच दोन चमचे मेथीदाणे रात्रभर भिजवून बारा इंची कुंडीत दाट पेरा, वर बोटभर नव्हे, जेमतेम अर्धा सेंटिमीटर माती. महिन्याच्या आत जुडी निघते, निम्मी त्यांची. मार्चच्या उन्हात मेथी निबर होते, तेव्हा उशीर नको.

सहा महिने उलटूनही झोप-जेवण सुधारलं नाही, जगणंच नकोसं वाटू लागलं, तर कुंड्यांवर भिस्त ठेवू नका, मनोविकारतज्ज्ञांना भेटा. जगणं नकोसं वाटत असेल तर सहा महिनेही थांबायचं नाही. १४४१६ या टेली-मानसच्या (सरकारी मानसिक आरोग्य हेल्पलाइनच्या) क्रमांकावर दिवसरात्र, मोफत, मराठीतूनही बोलता येतं.

प्रश्न : आई जाऊन दोन महिने झाले. सगळे म्हणतात वेताळ टेकडीवर जात जा. जातो, पण डोकं आणखीच भणभणतं. (वय २९, सेनापती बापट रस्ता)

उत्तर : कानातले इअरफोन काढा, आणि रोज नवी वाट धरू नका. तीच वेळ, तीच वाट, थांबायला तेच झाड. गिरिपुष्प निवडा, ते टेकडीवर भरपूर आहे. या दिवसांत पानं झडून फिकट गुलाबी फुलं येतात, त्यामुळे आठवड्या-आठवड्याला फरक दिसतो. ठरलेल्या वेळी ठरलेली माणसं भेटतात. पंधरा दिवसांत मान हलते, मग नाव कळतं. रोपांना पाणी घालणारे कोणी दिसले तर पाच लिटरचा कॅन घेऊन त्यांच्यात सामील व्हा. पाणी हळूहळू, थांबत थांबत ओता, नाहीतर उतारावरून वाहून जातं. आळ्यात पाचोळा पसरा, पण खोडाला टेकवू नका, तिथे ओल धरून साल कुजते.