जुनी इलेक्ट्रिक गिटार घरी आणलीय? आधी नेक बघा, रंगाचं नंतर

या वेळची बहुतेक पत्रं इलेक्ट्रिक गिटारची आहेत आणि तीही सेकंडहँड, म्हणून अख्खं पान त्यालाच दिलंय. ज्यांचे प्रश्न एकसारखे होते त्यांचं एकच उत्तर दिलंय, चालवून घ्या.

प्रश्न : दादा, मी पुण्यात इंजिनिअरिंगला आहे. जुन्या बाजारातून एक इलेक्ट्रिक गिटार उचलली, स्ट्रॅटसारखा आकार आहे, हेडवरचं, म्हणजे ट्यूनिंग की असतात त्या टोकावरचं, नाव खरवडून टाकलंय. तारा गंजल्यात, एक ट्यूनिंग की तुटलीय, नेक वाकल्यासारखा वाटतो, अँपला लावली की आवाज नाही, मधेच खर्रर्र होतं आणि परत गप्प. बॉडीचे टवके उडालेत. मित्र म्हणतात आधी स्प्रे मारून काळी कर मग पुढचं बघू. सुरुवात कुठून करू, पैसे फार नाहीत.

उत्तर : स्प्रे आणू नकोस अजून. जुनी गिटार आणली की सगळ्यांना पहिला रंगच सुचतो कारण दिसतं तेच आधी खुपतं, पण गिटार वाजणार की नाही हे नेक, म्हणजे बोटं दाबायचा लांब दांडा, ठरवतो, आणि नेक गेलेला असेल तर रंगाचे, तारांचे, पिकअपचे (तारांखालचा आवाज पकडणारा चुंबकाचा भाग) सगळे पैसे पाण्यात. म्हणून आधी नेक, मग तारा आणि ब्रिज (बॉडीवर तारा टेकतात तो भाग), मग वायरिंग, आणि रंग एकदम शेवटी, तोही वाटलं तर.

तू घेतलेला आकार घरी दुरुस्त करायला सगळ्यात सोपा आहे. १९५४ मध्ये ज्याने स्ट्रॅटोकास्टर (हीच तुझी स्ट्रॅट) आणली तो लिओ फेंडर मुळात कॅलिफोर्नियात फुलर्टनला रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवायचा, त्याला स्वतःला गिटार वाजवता यायची नाही, पण वस्तू खोलता आली पाहिजे हे त्याला पक्कं माहीत होतं. म्हणून नेक बॉडीला चिकटवलेला नाही, मागून चार स्क्रूंनी आवळलेला आहे, आणि पुढच्या प्लास्टिकच्या पिकगार्डला पिकअप, पॉट (आवाज-टोनच्या बटणांमागचा भाग), स्विच सगळं एकत्र लटकलेलं असतं. एका फुलीच्या स्क्रूड्रायव्हरने अर्धी गिटार खोलता येते. खोलायच्या आधी मोबाइलवर प्रत्येक वायरचा फोटो काढ, खरंच काढ, कारण स्वस्त गिटारींमध्ये वायरचे रंग ज्याला जे मिळालं ते लावलेलं असतं.

आता नेक. गिटार हातात आडवी धर, हेडच्या बाजूने एक डोळा मिटून नेकच्या कडेवरून ब्रिजकडे बघ, सुतार फळी घ्यायच्या आधी बघतो तसं. दोन्ही कडा सारख्या जातात का एक वर एक खाली जाते, हे बघायचं. एक कड पिळलेली दिसली तर तो पीळ, आणि पीळ घरी निघत नाही, त्यावर वेळ घालवू नकोस, दुसरा नेक शोध. पण नुसता धनुष्यासारखा बाक असेल तर घाबरायचं कारण नाही, तो ट्रस रॉडने निघतो. नेकच्या आत लोखंडी सळई असते तिचं नाव ट्रस रॉड, तिचं टोक हेडला नटच्या (तारा हेडकडे जाताना जिच्यावर टेकतात त्या पट्टीच्या) मागे किंवा नेकच्या खालच्या टोकाला असतं, बहुतेक गिटारींना ४ किंवा ५ मिमीची ॲलन की लागते. गंजलेल्या तारा असल्या तरी आत्ता काढू नकोस, सुरात आणून ठेव, कारण ताण असतानाच खरा बाक कळतो (तुटलेल्या कीची तार पक्कडीने थोडी फिरवून निदान ताणात आण). सगळ्यात जाड तार पहिल्या फ्रेटला (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या म्हणजे फ्रेट) एका हाताने दाब, दुसऱ्या हाताने नेक बॉडीला मिळतो तिथे दाब, आणि सातव्या-आठव्या फ्रेटवर तार आणि फ्रेटमध्ये किती फट आहे ते बघ. एक व्हिजिटिंग कार्ड कसंबसं सरकेल एवढी, म्हणजे साधारण पाव मिलिमीटर, हवी. जास्त असेल तर रॉड घड्याळाच्या दिशेने आवळायचा, फट अजिबातच नसेल आणि पहिल्या चार-पाच फ्रेटवर तार खरखरत असेल तर उलटा सैल करायचा. एका वेळी पाव फेरा, त्याहून जास्त नाही, मग परत सुरात आण, थोडा वेळ ठेव, परत बघ. रॉड एकदम जाम लागला किंवा नुसताच फिरतोय, कुठेच पकडत नाहीये असं वाटलं तर तिथेच थांब, जोर लावून तो तुटला की नेकच संपला.

नेक चांगला निघाला की मग तारा पूर्ण सैल करून काढ, ताणलेली तार कापू नकोस, डोळ्याला लागते. फ्रेटवर हिरवट काळा थर असेल तर लाकडावर मास्किंग टेप लावून नुसती धातूची पट्टी उघडी ठेव आणि एकदम बारीक, चार शून्यवाल्या स्टील वूलने घास. त्याआधी पिकअप टेपने पूर्ण झाक, कारण आत चुंबक आहे आणि स्टील वूलचे कण तिथे जाऊन बसले की निघता निघत नाहीत. फ्रेटबोर्ड गडद लाकडाचा असेल, म्हणजे बहुतेक शिसवी, तर किंचित ओल्या कापडाने मळ काढून मिनरल ऑइलचे दोन थेंब चोळ आणि पुसून टाक. घरातलं खाण्याचं तेल लावू नकोस, चिकट होतं आणि मळ धरतं. फिकट पिवळा आणि चकचकीत असेल तर तो मेपल, त्याच्यावर लॅकर असतं, तेलाची गरज नाही.

ट्यूनिंग की एकच बदलता येते पण जुनीला जुळणारी मिळणं अवघड, सहाचा सेट घेतलेला बरा. हेडवरच्या भोकाचा व्यास मोजून जा, आणि सहाही एका बाजूला आहेत हे दुकानात सांग नाहीतर तीन-तीनवाला सेट गळ्यात पडेल. स्क्रूचं भोक मोठं होऊन स्क्रू नुसता फिरत असेल तर टूथपिक फेव्हिकॉलमध्ये बुडवून भोकात ठोक, रात्रभर वाळू दे, वरचं टोक कापून परत स्क्रू बसव, नेकच्या चार स्क्रूंनाही हाच उपाय चालतो.

आता आवाज. इथे लोक घाईने पिकअप गेला म्हणतात आणि नवीन मागवतात, पण पिकअप सहसा जात नाही, जॅक (केबल खुपसतो ते भोक) जातो. जॅकचा नट सैल पडतो, केबल लावता-काढताना जॅक गोल फिरतो आणि आतली वायर पिळून तुटते. तुझं ते मधेच खर्रर्र आणि परत गप्प हे ऐकून मला नव्वद टक्के तिथलाच संशय आहे. पण अंदाजाने काही खोलायची गरज नाही, एक मल्टिमीटर घे. गिटारला केबल लाव, व्हॉल्यूम पूर्ण उघड, टोनही पूर्ण, स्विच एका टोकाला, आणि केबलच्या दुसऱ्या टोकाला मीटरची एक पिन प्लगच्या टोकाला आणि दुसरी त्याच्या दांड्याला लावून २० किलोओहमवर बघ. ५ ते ८ किलोओहमच्या आसपास आकडा आला तर पिकअप आणि वायरिंग ठीक, अँप किंवा केबल तपास. जवळजवळ शून्य आला तर कुठेतरी शॉर्ट आहे, बऱ्याचदा जॅकमध्येच वायरचे केस एकमेकांना टेकलेले असतात. २० वर काहीच दिसलं नाही तर मीटर वरच्या रेंजला ने, तिथे अडीचशे किलोच्या आसपास दाखवलं तर तो पॉटचा आकडा आहे, म्हणजे वायर जॅकपर्यंत येतेय पण पिकअप तुटलाय किंवा स्विच जोडत नाहीये, मग स्विचच्या पाचही जागा एक एक करून बघ. आणि वरच्या रेंजलाही काहीच नाही तर जॅकची वायर सुटलीय. एवढ्या पाच मिनिटांत तुझे फुकट जाणारे पैसे वाचतात.

सोल्डरिंगला २५ वॉटची आयर्न जॅकला पुरते पण पॉटच्या पाठीवर अर्थची वायर लावायची असेल तर ४० ची घे, ती पाठ सगळी उष्णता ओढून घेते आणि कमी तापलेला सोल्डर नुसता वर गोळा होऊन बसतो, दिसायला जोड, प्रत्यक्षात नाही. आयर्न धातूला लाव आणि सोल्डर धातूला, आयर्नला नाही. खिडकी उघडी ठेव, झालं की हात धू, त्यात शिसं असतं. व्हॉल्यूम फिरवताना खरखर होत असेल तर पॉटमध्ये कॉन्टॅक्ट क्लीनरचा एक फवारा मारून तो वीस-पंचवीस वेळा दोन्हीकडे फिरव, बऱ्याचदा बदलावाच लागत नाही. पॉट, जॅक, वायर सगळं बुधवारात तपकीर गल्लीत मिळतं, जॅक मागताना ‘पी-थर्टीएटचा फीमेल’ म्हण, लगेच देतात, आणि स्ट्रॅटसारख्या सिंगल कॉइल पिकअपला पॉट २५० किलोचा लागतो हे आठवणीने सांग.

नवीन तारा लावल्या की बाराव्या फ्रेटवर जाड तारेची उंची २ मिमी आणि पातळ तारेची दीड मिमीच्या आसपास ठेव, सॅडलचे (ब्रिजवर प्रत्येक तारेखालचा छोटा तुकडा) छोटे ॲलन स्क्रू त्यासाठीच आहेत. मग मोबाइलच्या ट्यूनरवर बाराव्या फ्रेटचा हार्मोनिक (तार न दाबता बोट नुसतं टेकवून काढलेला सूर) आणि तिथेच दाबलेला सूर ताडून बघ, दाबलेला चढा आला तर सॅडल मागे, उतरला तर पुढे. हे केल्याशिवाय गिटार खाली सुरात आणि वर बेसूर अशीच राहणार.

टवक्यांचं काय, तर मी राहू देईन. हेडवरचं नाव गेलंय, टवके उडालेत, पण ते कोणीतरी ही गिटार भरपूर वाजवली म्हणून उडालेत आणि मला अशी गिटार नव्या चकचकीत गिटारीपेक्षा जास्त आवडते. अगदी रंगवायचीच असेल तर निदान पावसाळ्यात नको, हवेतल्या दमटपणाने स्प्रेचा लॅकर पांढरा पडतो.

प्रश्न : आम्ही रत्नागिरीजवळ राहतो. मुलाने जुनी इलेक्ट्रिक गिटार आणि जुना अँप घेतला. गणपतीत मंडळाच्या कार्यक्रमात गाताना माइकला ओठ लागला की त्याला मुंग्या येतात, कधी चांगला झटका. गिटार दुरुस्त करायला कुठे द्यावी?

उत्तर : ताई, गिटार कुठेही देऊ नका, आणि हे नीट होईपर्यंत त्याला ती अँपला लावू देऊ नका. दोष बहुतेक गिटारमध्ये नाहीच, विजेच्या जोडणीत आहे. इलेक्ट्रिक गिटारच्या तारा ब्रिजमधून एका वायरने अँपच्या धातूच्या सांगाड्याला जोडलेल्या असतात, मुद्दामच, त्याने घुरघुर कमी होते. पण अँपला नीट अर्थिंग नसेल आणि आत कुठे गळती असेल तर ती वीज तारांवर येते, आणि माइक दुसऱ्या साउंड सिस्टिमचा, त्याची अर्थिंग वेगळी, मग हात तारेवर आणि ओठ माइकला म्हणजे वीज अंगातून वाहायला रस्ता मिळाला. मुंग्या येणं ही सूचना आहे, घाम आलेला असताना किंवा ओल्या जमिनीवर हाच झटका जीव घेऊ शकतो.

इलेक्ट्रिशियनला बोलावून सॉकेटची अर्थिंग मोजून घ्या, आहे असं नुसतं तोंडी सांगून चालणार नाही. अँपच्या प्लगची जाड (अर्थिंगची) पिन कोणी काढून टाकलीय का बघा, हा प्रकार फार चालतो. घरात ३० मिलिॲम्पचा आरसीसीबी (गळती झाली की वीज तोडणारा स्विच) नसेल तर बसवून घ्या. कार्यक्रमात अँप आणि साउंडवाल्याची सिस्टिम एकाच बोर्डावरून चालवायला सांगा आणि जनरेटर असेल तर त्याचीही अर्थिंग विचारा. अँप मुलाला उघडू देऊ नका, व्हॉल्व्हचा (काचेच्या नळ्यांचा) असेल तर प्लग काढल्यावरही आतल्या कपॅसिटरमध्ये शेकडो व्होल्ट राहतात.

प्रश्न : सांगलीहून लिहितोय. गिटार स्टँडवरून पडली आणि हेड जिथे नेकला मिळतो तिथे तडा गेलाय, पूर्ण तुटलं नाही. मिरजेत सतारी करणारे कारागीर करून देतील का, का घरीच चिकटवू?

उत्तर : आधी तारा सैल करा, आत्ता लगेच, सहा तारांचा ताण त्या चिरेवरच येतोय. ज्या गिटारींचं हेड मागे झुकलेलं असतं त्यांना हा आजार ठरलेला आहे, लाकडाचे रेषे तिथे तिरके कापले जातात.

चीर लांब आणि स्वच्छ असेल, दाबल्यावर दोन्ही बाजू बरोबर मिळत असतील तर घरी होतं. हेड अलगद मागे वाकवून चीर उघडा, लाकडाचा चांगला गोंद (साधा पांढरा फेव्हिकॉलही चालतो) पातळ सुरीने किंवा दोऱ्याने ओढून अगदी तळापर्यंत पोचवा, मग कागद आणि लाकडाचे तुकडे मधे घेऊन क्लॅम्प लावा, बाहेर आलेला गोंद ओल्या फडक्याने पुसा आणि पूर्ण एक दिवस हात लावू नका. फेव्हिक्विक अजिबात नको, तो आत पोचायच्या आधीच धरतो आणि मग नीट गोंदही तिथे बसत नाही. नीट जोडलेला सांधा मूळ लाकडाइतका पक्का होतो.

मिरजेचं म्हणाल तर लाकडाचा सांधा त्यांच्या हातात डोळे झाकून द्या, पिढ्यान्‌पिढ्या सतारी-तानपुरे घडवणारी माणसं आहेत ती, २०२४ मध्ये तिथल्या सतार-तानपुऱ्याला जीआय मानांकनही मिळालं. पण फ्रेटचं काम मात्र त्यांना आधी विचारून द्या. सतारीचे पडदे दोऱ्याने बांधलेले आणि सरकणारे, गिटारचे फ्रेट लाकडात खाच पाडून कायमचे बसवलेले, आणि सगळे एका पातळीत घासावे लागतात. शिवाय तानपुऱ्यात जी जवारी मुद्दाम काढतात, ती तारेची झणझण गिटारमध्ये नको असते.

प्रश्न : नागपूर. जुनी गिटार मुंबईहून आणली, तिथे छान होती, आता मे महिन्यात नेकवरून हात फिरवला की फ्रेटची टोकं बोटाला टोचतात. फ्रेट बाहेर आले का?

उत्तर : फ्रेट तिथेच आहेत, लाकूड आत गेलंय. मुंबईच्या दमट हवेत फुगलेलं लाकूड नागपूरच्या उन्हाळ्यात आटतं, धातू आटत नाही, म्हणून टोकं बाहेर डोकावतात. गिटार केसमध्ये ठेवा, आत साबणाच्या डबीला भोकं पाडून ओला स्पंज ठेवा (स्पंज लाकडाला लागता कामा नये), कूलरसमोर थेट ठेवू नका. पावसाळा लागेपर्यंत थांबायची तयारी नसेल तर बारीक कानशीने तिरकी धरून फक्त टोकं घासा, टेप लावून. ट्रस रॉडही एकदा तपासा, हवा बदलली की नेक हलतो.

प्रश्न : घरी अकूस्टिकच्या ब्राँझच्या तारा पडून आहेत, इलेक्ट्रिकला लावल्या तर चालतील?

उत्तर : लागतील, पण वाजणार नाहीत नीट. पिकअप म्हणजे चुंबकाभोवती केसाहून बारीक तांब्याच्या तारेचे हजारो वेढे, वर लोखंडी तार हलली की त्यात वीज तयार होते. ब्राँझ चुंबकाला ओळखत नाही, आतल्या पोलादी गाभ्यामुळे थोडा आवाज येईल पण जाड तारा दबलेल्या आणि पातळ तारा भसकन मोठ्या. निकेलचा सेट घ्या, सुरुवातीला ‘नऊ-बेचाळीस’ म्हणून मागा, बोटांनाही मऊ जातो.