डक्ट हवाच, पण हवा डिस्कच्या पोटात गेली पाहिजे

तुम्ही विचारलंय, पोलो जीटीच्या फॉगलाईटच्या जागेतून ब्रेक डक्ट, म्हणजे समोरची हवा ब्रेकच्या डिस्ककडे नेणारे पाईप, काढले तर खरंच उपयोग होतो की नुसता देखावा? गाडी घाटात चालते आणि कधीतरी ट्रॅकवर न्यायचीय. फरक पडतो, आणि चांगलाच पडतो. "देखावा" हे मी आमच्या कोल्हापूरच्या उद्यमनगरात इतकी वर्षं ऐकतोय की आज सविस्तरच लिहितो.

ज्याच्या हाताखाली मी काम शिकलो तो माझा चुलतभाऊ, दादा. त्याचं मत ठाम होतं: "भोकांची डिस्क टाक, बाकी पाईपबिईप सजावट आहे. पोर्शला बघ, भोकं असतात." माझं म्हणणं, पोर्श भोकं पाडते आणि वर हवाही देते. 911 जीटी3 च्या खालच्या आर्मवर हवा ब्रेककडे वळवणारे प्लास्टिकचे पंख असतात, ते दादा कधी बघत नाही.

कोइम्बतूरच्या करी स्पीडवेवर हा वाद मिटायला हवा होता. ट्रॅक 2.1 किलोमीटरचा, सरळ रस्ते आखूड. म्हणजे ब्रेक थंड व्हायला उसंतच मिळत नाही, पुढचं वळण आलेलंच असतं. हिशोब करून बघा. माणसासकट 1200 किलोची गाडी 140 वरून 60 वर आणली की सुमारे साडेसात लाख ज्यूल उष्णता तयार होते. अडीच लिटर पाणी उकळीला आणायला तेवढी पुरते. त्यातली साधारण सत्तर टक्के पुढच्या दोन डिस्कवर येते. पाच किलोची डिस्क धरली तर एकेका ब्रेकिंगला शंभर अंशांहून जास्त चढते, आणि पुढच्या ब्रेकिंगआधी तेवढी उतरली नाही तर चढतच जाते.

दोन पोलो होत्या. दादाच्या गिऱ्हाईकाची भोकांच्या डिस्कवर, माझ्या गिऱ्हाईकाची साध्या व्हेंटिलेटेड डिस्कवर, म्हणजे दोन तोंडांच्या मधे हवेला पोकळ वाट असलेल्या, बिनभोकांच्या डिस्कवर. पॅड एकाच जातीचे, ब्रेक ऑइल एकाच डब्यातलं. माझ्या गाडीत फॉगलाईट काढून तिथून 75 मिलिमीटरचा, तारेचा सिलिकॉन होज आत नेला होता. डिस्कमागचं धुळीचं पत्रं मी काढून टाकलं नाही. त्याला हबजवळ, म्हणजे चाकाच्या मध्याशी, कापून लंबगोल तोंड टिगने वेल्ड केलं. सगळी मेख इथंच आहे. व्हेंटिलेटेड डिस्क स्वतःच पंप असते: मधल्या डोळ्यातून हवा ओढते आणि कडेतून बाहेर फेकते. हवा त्या डोळ्यात सोडली तर दोन्ही तोंडं सारखी थंड होतात. होज नुसता आतल्या तोंडावर रोखला तर एक बाजू थंड, दुसरी तापलेली, आणि डिस्कचं बीड (ओतीव लोखंड) ताण खाऊन चिरतं. ज्यांनी असे अर्धवट डक्ट लावले, त्यांनीच ते बदनाम केले.

दोन्ही गाड्यांच्या डिस्कच्या कडेला तापमानाचे रंग लावले होते. हिरवा 430 अंशांच्या आसपास बदलतो, नारिंगी 560 ला, लाल 610 ला. सेशन संपल्यावर आमच्या डिस्कचा हिरवा गेलेला, नारिंगी जसाच्या तसा. दादाच्या गाडीचा नारिंगीही गेलेला. शिवाय ड्रायव्हर सांगत आला की पेडल खाली जातंय, दोनदा पंप करावं लागतंय. म्हणजे ऑइल उकळलं. चाक काढलं तर भोकाच्या काठापासून केसाएवढ्या चिरा निघालेल्या, दोन तर शेजारच्या भोकापर्यंत पोचलेल्या. भोक पाडलं की उष्णता साठवणारं लोखंड कमी होतं आणि चिरेला सुरुवात करायला काठ मिळतो. हे कोल्हापुरात, जिथं गल्लीगल्लीत ओतकाम कळतं, सांगावं लागू नये.

दादा म्हणाला, "तुझा पोरगा हळू चालवतो." लॅपचे आकडे समोर होते, आमचीच गाडी पुढं होती. तरी आजतागायत तो गिऱ्हाईकांना त्याच डिस्क विकतो. म्हणून तुम्हाला निक्षून सांगतो, कुणीही भोकांच्या डिस्क गळ्यात मारायला आला तर घेऊ नका. त्याच पैशात चांगले पॅड, ताजं ऑइल आणि डक्ट होतात.

आता घाटाचं. आंबा किंवा गगनबावडा उतरताना चाळीसच्या वेगात डक्टमधून नावापुरतीच हवा जाते. तिथं खालचा गिअर टाका, ब्रेकवर पाय ठेवून उतरू नका. ऑइल आधी बदला: डॉट 4 जातीचं ब्रेक ऑइल कोरडं असताना किमान 230 अंशांना उकळतं, ओल धरलं की तो आकडा 155 वर येतो, आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात ओल धरायला वेळ लागत नाही. पेडल कडक आहे पण गाडी थांबत नाही, असं असेल तर दोष पॅडचा; पेडल खाली जात असेल तर ऑइलचा. दोन्हीवर औषध वेगळं.

लावून घेणार असाल तर स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण वळवून, मग गाडी जॅकवर उचलून चाक लोंबकळतं ठेवून, होज टायरला घासतोय का ते स्वतः बघा. वॉशिंग मशीनचा पाईप वापरणारे महाभाग आहेत, तो वितळतो. बंपरच्या जाळीमागं प्लास्टिक बंद असेल तर ते कापल्याशिवाय हवा येणार नाही. आणि हो, गाडी वॉरंटीत असेल तर आधी कंपनीत विचारा. जूनपासून डक्टच्या तोंडाला झाकण लावा, नाहीतर रस्त्यावरचं पाणी आणि चिखल थेट डिस्कवर येईल.