फ्रिजला हात लावला की झिणझिण्या

प्रश्न: आमचं चिपळूणजवळचं घर जांभ्याचं, वायरिंग सासऱ्यांच्या काळातलं. नवा फ्रिज एक्स्टेन्शन बोर्डावर लावलाय, मिक्सरही त्यावरच. ओल्या लादीवर अनवाणी उभं राहून दार उघडलं की बोटांना झिणझिण्या येतात. वायरमन म्हणतो, सॉकेटमध्ये न्यूट्रल आणि अर्थ जोडून टाकतो, करंट बंद होईल. करून घेऊ का? आणि स्टॅबिलायझर लागेलच का? (एक वाचक)

उत्तर: मुळीच नको, ताई. आधी बटण बंद करून फ्रिजची पिन काढा, मासे शेजारणीकडे ठेवा आणि मग पुढचं वाचा.

वायरमनचा उपाय केला तर झिणझिण्या थांबतील, हे खरं. म्हणून तर ही खोड इतकी पसरली आहे. पण जुन्या घरात न्यूट्रलचा, म्हणजे करंट परत नेणाऱ्या तारेचा, सांधा कधी सैल होईल याचा भरवसा नसतो. तो मागे कुठेही सुटला, की फेजची, म्हणजे करंट आणणाऱ्या तारेतली, वीज फ्रिजच्या आतून फिरून न्यूट्रलवर येईल आणि त्या जोडामुळे थेट पत्र्यावर. मग दाराला 230 व्होल्ट.

करंटची थोडी गळती बऱ्याच यंत्रांत असते. अर्थिंग असेल तर ती जमिनीत जाते. तुमच्याकडे वाट नाही, म्हणून ती तुमच्या पायांतून जाते. पिनेतली जाड पिन मुद्दाम लांब असते: लावताना ती आधी टेकते, काढताना शेवटी सुटते. मागे अर्थची तारच नसेल तर तिचा उपयोग शून्य.

तेव्हा घराबाहेर अर्थिंगचा खड्डा करून घ्या. जांभा उन्हाळ्यात खडखडीत कोरडा पडतो, म्हणून चैत्र-वैशाखात त्यात पाणी ओतत राहायचं. काम झाल्यावर अर्थ टेस्टरने मोजून दाखवायला सांगा. नुसता टेस्ट लॅम्प पेटला म्हणजे झालं, असं नव्हे. मीटरनंतर 30 मिलिअँपिअरची आरसीसीबी (करंटची गळती ओळखून वीज तोडणारा स्विच) बसवा. एमसीबीवर (जास्त भार आला की पडणाऱ्या स्विचवर) विसंबू नका. 16 अँपिअरच्या एमसीबीला एवढीशी गळती कळतच नाही, माणसाचा जीव मात्र तेवढ्यात जाऊ शकतो. आरसीसीबी आहे म्हणून अर्थिंग टाळणंही चुकीचं: अर्थिंग असेल तर आरसीसीबी गळती होताच पडते, नसेल तर कुणीतरी हात लावल्यावर.

फ्रिजला घराच्या मेन बोर्डापासून 2.5 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर ओढून भिंतीत स्वतंत्र सॉकेट द्या. कॉम्प्रेसर सुरू होताना नेहमीच्या कितीतरी पट करंट ओढतो. एक्स्टेन्शनची बारीक वायर तापते ती तेव्हा. एवढं करूनही फ्रिज लावला की आरसीसीबी पडत असेल तर दोष बहुधा फ्रिजमध्ये आहे. कंपनीचा माणूस बोलवा.

स्टॅबिलायझरचं म्हणाल तर पुस्तिकेत व्होल्टेजची मर्यादा पाहा. बरेच नवे फ्रिज त्याशिवाय चालतात. संध्याकाळी तुमच्याकडे व्होल्टेज त्याखाली उतरत असेल तरच घ्या, आणि घ्यायचाच तर वीज आल्यावर थोडं थांबून फ्रिज सुरू करणारा. पावसाळ्यात तुमच्याकडे वीज जाते-येते, ते कॉम्प्रेसरला फार जड जातं.