कशावरून?

धानोरी, पुणे
२० जुलै २०२५

बाबा रे,

रात्री सव्वाबाराचा तुझा मेसेज सकाळी वाचला. व्हिडिओ काढून टाकू, की राहू देऊ, की नवा करू? एका मेसेजमध्ये तीनदा मत बदललंयस. विमानांच्या देखभालीचं शिकतोस, तेव्हा झोप झाल्याशिवाय पाना हातात घेऊ नये हे तुला निराळं सांगायला नको.

१२ जूनला दुपारी १:३८ला अहमदाबादहून उडालेलं एअर इंडियाचं ड्रीमलायनर विमान मेडिकल कॉलेजच्या वसतिगृहावर कोसळलं. विमानातली आणि जमिनीवरची मिळून २६० माणसं गेली. आणि रात्री नऊच्या आत तू "फ्लॅप्स उघडलेच नव्हते" असं सांगून मोकळा झालास. मी तो व्हिडिओ त्याच रात्री पाहिला होता. तेव्हाच कान धरायला हवा होता, धरला नाही. आता प्राथमिक अहवाल म्हणतो, फ्लॅपचा, म्हणजे उडताना जास्तीची उचल मिळावी म्हणून पंखाच्या मागच्या कडेला उघडतात त्या झडपांचा, दांडा ५ अंशांच्या खाचेत पक्का बसलेला सापडला. म्हणजे टेक-ऑफला हवा तिथेच.

चुकलास याचं मला काही वाटत नाही. राग आला तो तुझ्या पुढच्या वाक्याचा : "काका, सगळेच तेच म्हणत होते."

सगळे कशावरून म्हणत होते? लांबून काढलेल्या पुसट चित्रणावरून. त्या विमानाचा ५ अंशांचा फ्लॅप जवळ उभं राहून पाहिला तरी नवख्याला चटकन कळत नाही. तुला तो मोबाइलच्या पडद्यावर 'नाही' म्हणून दिसला! चाकं खालीच आहेत, हे मात्र खरोखर दिसत होतं. तेवढंच बोलला असतास तर आज झोप लागली असती.

आता एक जुनी गोष्ट. घरातही फारशी कुणाला सांगितलेली नाही. १९८६ किंवा ८७ साल असेल. आमचं एक विमान धावपट्टीच्या तोंडाशी जाऊन परत आलं, हायड्रॉलिक तेल गळत होतं. चाकाच्या खणातला तो पाइप आदल्या रात्री माझ्याच शिफ्टमधल्या एकाने बदलला होता. मुलीला ताप होता म्हणून तो घाईत होता, हे मला माहीत होतं. कँटीनमध्ये चहा पिताना मी म्हणालो, "घाईत नट नीट आवळला नसेल." संध्याकाळपर्यंत त्यातलं 'नसेल' गळून गेलं आणि वरिष्ठांच्या कानावर गेलं ते "नट आवळलाच नव्हता" असं. त्याला कामावरून बाजूला केलं. अकरा दिवसांनी तपासणीत निघालं की नट जागच्या जागी, लॉकिंग वायरसुद्धा शाबूत. पाइपच आतून तडकलेला होता. सायकल स्टँडवर त्याने मला गाठलं. आवाज चढवला नाही. एवढंच विचारलं, "कशावरून म्हणालास?"

मुलीच्या तापावरून. माझ्याकडे दुसरं काहीही नव्हतं.

मी दोघांनाच सांगितलं होतं. तेही त्यांनी विचारलं म्हणून. आणि मी 'नसेल' म्हणालो होतो, 'नव्हता' नाही. बघ, अडतीस-एकोणचाळीस वर्षं झाली तरी मी अजून हेच लिहितोय. तो पुढे बदली मागून गेला. त्या दिवसानंतर आम्ही एकत्र चहा प्यायलो नाही.

तेव्हापासून माझ्याकडे हा एकच प्रश्न आहे. हाताखालच्या पोरांना तो विचारून विचारून मी नकोसा झालो. "स्नॅग (बिघाड) मिटला, सर." कशावरून? "इंजिन ठीक आहे." कशावरून? माघारी मला 'कशावरून साहेब' म्हणायचे. म्हणोत.

प्राथमिक अहवालाचंच घे. उड्डाण होताच दोन्ही इंजिनांचे इंधनाचे स्विच एका सेकंदाच्या अंतराने 'रन'वरून (चालू) 'कटऑफ'वर (बंद) गेले. एका वैमानिकाने दुसऱ्याला, बंद का केलंस, असं विचारलं. दुसरा म्हणाला, मी केलं नाही. स्विच गेले हे कशावरून? विमानातल्या रेकॉर्डरवरून, म्हणजे ब्लॅक बॉक्सवरून. संवाद कशावरून? कॉकपिटमधल्या ध्वनिमुद्रणावरून. कोणी नेले, का नेले? ते अहवालात लिहिलेलं नाही. तिथे तो थांबला आणि तिथूनच आमच्या सोसायटीचा जॉगिंग ट्रॅक सुरू झाला. कुणी वैमानिकाच्या घरच्या भानगडी सांगतोय, कुणी सॉफ्टवेअर. "तुम्ही विमानातले ना, तुम्हाला काय वाटतं?" मला वाटण्याचा काय संबंध? मेलेला वैमानिक सायकल स्टँडवर येऊन कुणाला गाठणार नाही, म्हणून हे सगळं चालतं. अशा तपासाचा आंतरराष्ट्रीय नियमच सांगतो की हेतू पुन्हा अपघात होऊ नये हा, कुणाच्या माथी दोष मारणं हा नव्हे. आपल्याला मात्र आधी दोषीच हवा असतो.

हे जुनंच आहे. १ जानेवारी १९७८ला 'सम्राट अशोक' हे जंबो वांद्र्याच्या समुद्रात पडलं, २१३ माणसं गेली. मी तेव्हा शिकाऊ होतो. पहिल्या दिवशी सगळ्यांच्या तोंडी घातपात. तपासात निघालं की विमान किती कललंय ते दाखवणारं कॅप्टनसमोरचं यंत्र बिघडलं होतं. खाली काळा समुद्र, वर काळं आकाश, क्षितिज नाही. विमान उजवीकडे कललंय असं समजून त्याने ते डावीकडे नेत नेत उलटं केलं. हे त्या दिवशी कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं. येणार तरी कसं?

तुला वाटेल, वाईट अफवा तेवढ्या टाळायच्या. चांगल्या अफवांनी मलाही फसवलंय. ऑगस्ट २०२०मध्ये कोझिकोडला विमान धावपट्टीपलीकडे घसरलं, २१ जण गेले. कॅप्टन दीपक साठे आपले, एनडीएतले, हवाई दलातले. चाकं उघडत नव्हती, तीन फेऱ्या मारून त्यांनी इंधन संपवलं आणि प्रवासी वाचवले, असा मेसेज फिरत होता. मी तो डोळे पुसत पुढे पाठवला. कशावरून? आपला माणूस होता, यावरून. वर्षभराने अहवाल आला : चाकांचा प्रश्न नव्हता, ओल्या धावपट्टीचा निम्मा भाग मागे टाकून विमान टेकलं होतं. पहिल्या प्रयत्नात कॅप्टनच्या बाजूचा वायपर बंद पडल्याचंही त्यात आहे. तेही माणसाचंच सत्य आहे, आणि त्यातून पुढच्या वैमानिकाला काही शिकता येतं. माझ्या मेसेजमधून काय शिकता आलं असतं?

"मग तपास संपेपर्यंत गप्पच बसायचं का?" हा तुझा प्रश्न मात्र रास्त आहे. २००९ला अटलांटिकमध्ये पडलेल्या एअर फ्रान्सच्या विमानाचे रेकॉर्डर समुद्रतळाशी सापडायला दोन वर्षं लागली आणि अंतिम अहवाल २०१२ला आला. तीन वर्षं कोण गप्प बसतं? मी बसलोय. २०१०ला मंगळूरच्या अपघातानंतर एका वर्तमानपत्रातून फोन आला, मी "मला काही बोलायचं नाही" म्हणून ठेवून दिला. दुसऱ्या दिवशी त्यांनी भलत्याचंच काहीतरी छापलं. बायको म्हणाली, डोंगरमाथ्यावरची धावपट्टी म्हणजे काय, एवढं तरी सांगायचंस की! मी तिच्याशी भांडलो. माझं बरोबरच होतं. बहुतेक. पण धावपट्टी कशी असते हे मला पक्कं ठाऊक होतं, हेही खरं.

तेव्हा व्हिडिओ काढू नकोस. काढलास तर तू बोललाच नव्हतास असं होईल. त्याच नावाने, तेवढ्याच मोठ्या अक्षरांत दुसरा कर : फ्लॅपबद्दल मी म्हणालो ते चुकीचं होतं, ते मी अमुक चित्रणावरून म्हणालो आणि त्यावरून ते म्हणता येत नव्हतं. दोन मिनिटांत संपव. रडू नकोस, मागे संगीत लावू नकोस, माफीचा सोहळा नको. आणि जमलं तर इंधनाचा स्विच कसा असतो, आधी वर उचलल्याशिवाय तो सरकत का नाही, ते दाखव. तेवढं तुला येतं.

शनिवारी ये. प्राथमिक अहवालाची प्रिंट काढून आण, पंधराच पानं आहेत. माझी मी पेन्सिलीने इतकी खराब केलीय की तुला वाचता येणार नाही. दहाच्या आत ये. एकदा सुखोई उडायला लागली की गच्चीत बोललेलं ऐकू येत नाही.

तुझा,
काका