प्रायोगिक चित्रपटाची सुरुवात करताना

पहिला प्रायोगिक चित्रपट करायचा तर कॅमेरा कोणता घ्यावा, असे तुम्ही विचारले आहे; तो प्रश्न तूर्त बाजूला ठेवावा. १६ मिलिमीटर रुंदीच्या फिल्मच्या १०० फुटी रिळात, सेकंदाला २४ चौकटींच्या (फ्रेम्सच्या) वेगाने, जेमतेम पावणेतीन मिनिटांचे चित्रण मावते. मोबाइलवर चित्रित करतानाही हीच मर्यादा स्वतःवर घालून घेतली, तर कोणते दृश्य खरोखर हवे आहे हे आपोआप उमगू लागते. नवखे बहुधा दुर्बोधतेलाच प्रयोग समजतात आणि ध्वनीचा विचार संकलन उरकल्यावर करतात; दुसरी चूक अधिक महागात पडते. या चित्रपटांना तिकीटबारीवरची कमाई जवळजवळ नसतेच, त्यामुळे उपजीविकेसाठी संकलन किंवा अध्यापनासारखे काम हाताशी असू द्यावे. जर्मनीत १९५४ पासून भरणाऱ्या ओबरहाउझेन लघुपट महोत्सवात निवडले जाणारे चित्रपट अवश्य अभ्यासावेत. अनुदानाच्या अर्जांचे पुढे पाहू. आधी एक लघुपट पुरा करा.