४०० लिटरच्या टाकीत क्लाऊन ट्रिगरफिश इतर माशांसोबत ठेवता येईल का?

क्लाऊन ट्रिगरफिश या समुद्री माशाचे बोटाएवढे पिल्लू पाहून ४०० लिटरची टाकी पुरेशी वाटते. परंतु हा मासा सुमारे ५० सेंटिमीटरपर्यंत वाढतो आणि वयाबरोबर संपूर्ण टाकीलाच आपली हद्द मानू लागतो, त्यामुळे दीर्घकाळ शांतपणे सोबत राहिलेल्या माशांवरही तो एखाद्या दिवशी अचानक तुटून पडू शकतो. माझ्या मते ८०० ते १,००० लिटरची टाकी नसेल, तर तो घेऊच नये. खेकडे, कोळंबी आणि शंख हे तर त्याचे अन्नच आहे. तो दगड हलवतो, वायरीही चावतो. म्हणून हीटर टाकीबाहेरील फिल्टरच्या कप्प्यात बसवावा. सोबतीला अन्य मोठे, दणकट मासे हवेच असतील, तर ते आधी सोडून याला सर्वांत शेवटी आणावे, आणि टाकीत हात घालताना त्याच्या दातांचे भान ठेवावे.